बेचाळिसाव्या दिवशी आईलाही तपासा: कोकणातल्या जिल्हा परिषदांना खुले पत्र

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी आणि मा. जिल्हा आरोग्य अधिकारी,
रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्हा परिषदा

स.न.वि.वि.

मी तीस वर्षं आरोग्यसेविका होते. खाडीच्या अल्याड-पल्याडच्या उपकेंद्रांत माझी नोकरी झाली आणि २०२२ साली मी निवृत्त झाले. लसींची पेटी मांडीवर धरून तरीतून खाडी ओलांडली, भर पावसात शेवाळलेल्या पाखाड्या, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटा, चढून वाड्या गाठल्या. आपल्या विभागाचं काम मला आतून माहीत आहे आणि त्याचा मला अभिमानही आहे. हे पत्र मी माझ्या हातून झालेल्या एका चुकीबद्दल लिहिते आहे. तीच चूक आज सकाळीसुद्धा किनाऱ्यावरच्या कुठल्या ना कुठल्या लसीकरण सत्रात झाली असणार, म्हणून ते उघडपणे लिहिते आहे.

२०१६ सालच्या पावसाळ्यात एका वाडीतल्या सुनेची मी नोंदणी केली. वय ३१, दुसरं बाळंतपण. सहावा महिना सरत असताना ७५ ग्रॅम ग्लुकोजचं पाणी पाजून दोन तासांनी बोटातून रक्त घेतलं, तर साखर १७२. १४० किंवा त्याहून जास्त आली की गरोदरपणातला मधुमेह धरायचा, हे आम्हाला प्रशिक्षणात शिकवलेलं होतं. तिला तालुक्याला पाठवलं. दोन आठवडे आहार पाळून साखर उतरली नाही, तेव्हा इन्सुलिन सुरू झालं. पहिले काही दिवस ती पाखाडी उतरून माझ्याकडे सुई घ्यायला यायची, मग स्वतः टोचायला शिकली. सिझेरियन झालं, बाळ ३ किलो ८०० ग्रॅमचं. दोन दिवसांत साखर खाली आली, इन्सुलिन बंद झालं. घरच्यांनी पेढे वाटले, मलाही आणून दिले.

सव्वा महिना झाल्यावर ती बाळाला घेऊन लसीला आली. मी बाळाचं वजन केलं, मांडीत इंजेक्शन दिलं, तोंडात पोलिओचे थेंब सोडले, ताप आला तर काय करायचं ते समजावलं, पुढची तारीख लिहून दिली. लस दिल्यावर अर्धा तास बसायचं असतं, तसा अर्धा तास ती माझ्या समोरच्या बाकावर बसून होती. साखर तपासायचं मशीन माझ्या टेबलाच्या खणात होतं. बीपीचा पट्टा टेबलावरच होता. मी तिला हात लावला नाही.

२०२३ सालच्या गौरी जेवायच्या दिवशी ती पहाटे चारपासून चुलीपुढे होती. घावणे, घाटलं, भाज्या. दहाच्या सुमारास छातीत जळजळायला लागलं, जबडा दुखायला लागला, घाम सुटला. जागरण झालंय, पोटात काही नाही, पित्त उसळलं असणार, असं सगळ्यांनीच धरलं आणि तिला आमसुलाचं पाणी दिलं. आमच्याकडे कुणीही हेच केलं असतं. दुपारी ती पाटावरून उठताना कोसळली. गाडी मिळून, रस्त्यातल्या विसर्जनाच्या मिरवणुकांमधून वाट काढून, पहिला ईसीजी निघाला तेव्हा तिन्हीसांजा झाल्या होत्या. तिथून आंबा घाट चढून कोल्हापूर. ती वाचली. हृदयाचं पंपिंग मात्र ३५ टक्क्यांवर आलं. वय ३८.

मी भेटायला गेले तेव्हा ती ओटीवर उशांना टेकून बसली होती. विहिरीवरून कळशी आणणं आता तिला जमत नाही, पाखाडी तर दोनदा थांबल्याशिवाय चढवत नाही. तिने मला विचारलं, “बाई, ती शुगर बाळंतपणातच गेलेली ना?”

गेलेलीच होती. कोल्हापूरला तपासलं तेव्हाही पक्का मधुमेह निघाला नाही, साखर काठावर होती. बीपी मात्र चढलेलं होतं आणि ते किती वर्षं तसंच होतं हे सांगायला कुठेही नोंद नव्हती, कारण सात वर्षांत कुणी मोजलंच नव्हतं. तिला काय उत्तर द्यावं ते मला त्या दिवशी सुचलं नाही. घरी येऊन मी वाचायला लागले, ओळखीच्या डॉक्टरांना विचारायला लागले. जे कळलं ते नोकरीत असताना कळलं असतं तर फार बरं झालं असतं.

वारेतून, म्हणजे प्लॅसेंटातून, जी हार्मोन्स आईच्या रक्तात उतरतात, ती तिच्या इन्सुलिनचं काम अडवतात. बाळाला साखर कमी पडू नये म्हणून निसर्गानेच केलेली ती सोय. बहुतेक बायकांचं स्वादुपिंड जादा इन्सुलिन तयार करून हे ओझं पेलतं. जिचं पेलत नाही, तिची साखर वाढते. वार पडली की ओझं उतरतं आणि साखरही उतरते. इथपर्यंत आम्हा सगळ्या नर्सना पाठ असतं. पण ओझ्याखाली वाकलेलं स्वादुपिंड बाळंतपणानंतरही तेच राहतं. एकूण १३ लाख स्त्रियांच्या नोंदी एकत्र करून २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, गरोदरपणात मधुमेह झालेल्या स्त्रियांना पुढे कायमचा मधुमेह होण्याची शक्यता इतर बायकांच्या जवळजवळ दहापट दिसली. हे अनेकांनी ऐकलेलं असतं. हृदयाचं ऐकलेलं नसतं.

गरोदरपणात आईच्या अंगातलं रक्त जवळजवळ दीडपट होतं. तिचं हृदय दर मिनिटाला नेहमीपेक्षा तीस ते पन्नास टक्के जास्त रक्त ढकलत असतं. एवढं रक्त मावायचं तर रक्तवाहिन्या सैल पडायला हव्यात, आणि त्या सैल करायचं काम त्यांच्या आतल्या अस्तराचं. हे अस्तर जेमतेम एका पेशीइतकं जाड असतं. त्यातून नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सुटतो आणि त्याने वाहिनीचे स्नायू सैल होतात. साखर वाढली, त्याबरोबर रक्तातली चरबी वाढली, अंगात बारीक सूज राहिली, की हे अस्तर दुखावतं. वायू कमी सुटतो, वाहिन्या ताठ होतात. गरोदरपणात साखर असलेल्या बाईला बीपीचा त्रासही जास्त वेळा होतो, त्याचं मूळ बरंचसं इथेच आहे. जमीन नीट सारवलेली असली की सांडलेलं पाणी वरच्यावर पुसून घेता येतं, सारवण उखडलं की ते आत मुरतं. तसं दुखावलेल्या अस्तरातून कोलेस्टेरॉल धमनीच्या भिंतीत मुरायला लागतं. बाळंतपणानंतर साखर उतरते. अस्तर पहिल्यासारखं होतंच असं नाही.

हे सगळं गरोदरपणानेच सुरू केलं, की आधीपासून अंगात असलेलं गरोदरपणाने बाहेर काढलं? डॉक्टर म्हणतात, दोन्ही. आपल्या कामापुरतं बोलायचं तर त्याने फरक पडत नाही. नऊ महिन्यांचं ओझं अंगावर घेऊन हृदय, धमन्या आणि स्वादुपिंड किती तोलून धरतात, याची ती परीक्षाच असते. बाईच्या ऐन तिशीत तिच्या पुढच्या आयुष्याबद्दल एवढं सांगणारी दुसरी तपासणी मला तरी माहीत नाही. आपण ती फुकट करतो, आकडा लिहितो आणि बाळंतपण झालं की पान मिटतो.

टोरांटोच्या संशोधकांनी २०१९ साली नऊ अभ्यास एकत्र करून ५३ लाखांहून जास्त स्त्रियांची माहिती तपासली. गरोदरपणात मधुमेह झालेल्यांना पुढे हृदयविकाराचा झटका, पक्षाघात असे आजार होण्याचं प्रमाण इतरांच्या दुप्पट निघालं. त्यातल्या दोन गोष्टी मी पुन्हापुन्हा वाचल्या. एक, बाळंतपणानंतरच्या पहिल्या दहा वर्षांतच हे प्रमाण २.३ पट होतं. म्हणजे हा म्हातारपणीचा प्रश्न नव्हे, मूल प्राथमिक शाळेत असतानाचा आहे. आणि दुसरी, ज्यांना पुढे मधुमेह झालाच नाही, त्यांच्यातही ते दीडपटीहून जास्त होतं. “शुगर गेलेली ना?” याचं उत्तर त्यात आहे. अमेरिकेत सुमारे अकराशे स्त्रियांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवून २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही हेच दिसलं: पुढे साखर अगदी नॉर्मल असलेल्या स्त्रियांतही, गरोदरपणात मधुमेह झालेला असेल तर हृदयाच्या धमन्यांत कॅल्शियम साचलेलं असण्याची शक्यता दुप्पट. अमेरिकन हार्ट असोसिएशनने तर २०११ सालीच गरोदरपणातला मधुमेह हा स्त्रियांच्या हृदयविकाराचा जोखीम घटक म्हणून मांडला आहे.

हे आकडे सांगून मला कुणाही बाळंतिणीला घाबरवायचं नाही. तिशीतल्या बाईला हृदयविकार मुळात क्वचितच होतो, तेव्हा दुप्पट म्हणजे त्या क्वचितची दुप्पट. पण भारतीय उपखंडातल्या माणसांना हृदयाचा पहिला झटका जगातल्या इतर देशांतल्या माणसांपेक्षा साधारण पाच-सहा वर्षं आधी येतो, हेही खरं आहे. आणि आमच्या किनाऱ्यावरून झटका आलेल्या माणसाला अँजिओप्लास्टी होईल अशा जागी न्यायचं म्हणजे कुणाला घाट चढायचा, कुणाला गोव्याला बांबोळी गाठायची, कुणाला आधी फेरीबोटीची वाट पाहायची. ज्यांना मोठं रुग्णालय दूर आहे, त्यांना धोक्याची खूण आधी कळायला हवी.

आता मुद्द्याचं. मी जे मागणार आहे ते बरंचसं आपल्याच कागदांत आधीपासून आहे.

केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयाने गरोदरपणातल्या मधुमेहाबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या आणि २०१८ साली त्या सुधारून पुन्हा दिल्या. चेन्नईचे डॉ. व्ही. शेषय्या यांनी आयुष्यभर या एका प्रश्नावर काम केलं, त्यांच्यामुळे आपल्याकडे उपाशीपोटी न येता करायची सोपी चाचणी रुळली. घरून सात किलोमीटर चालत आलेल्या बाईला “उपाशी नाहीस, उद्या ये” असं सांगून परत पाठवावं लागत नाही, ही केवढी मोठी गोष्ट आहे ते उपकेंद्रात बसणारीलाच कळतं. त्याच सूचनांत लिहिलं आहे की बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी ग्लुकोज देऊन आईची साखर पुन्हा तपासायची. दोन तासांची साखर १४० च्या आत असेल तर नॉर्मल, १४० ते १९९ असेल तर काठावर, २०० किंवा जास्त असेल तर मधुमेह.

सहा आठवडे म्हणजे बेचाळीस दिवस. आशाताईची नवजात बाळाला घरी जाऊन बघण्याची शेवटची फेरी बेचाळिसाव्या दिवशी असते. बाळाची पहिली मोठी लस सहाव्या आठवड्यात असते. आणि आपल्याकडे बाळंतीण सव्वा महिना उंबरा ओलांडत नाही, तो सव्वा महिना संपून ती पहिल्यांदा बाहेर पडते ती याच लसीसाठी. सरकारची सूचना, आशाताईची फेरी, बाळाची लस आणि आपली रीत, चारही गोष्टी एकाच सकाळी एकत्र येतात. त्या सकाळी आई आपल्यासमोर बसलेली असते आणि आपण फक्त बाळाकडे बघतो.

त्या सकाळी काय करायचं, तेही सांगते, कारण कागदावर सोपं असलेलं उपकेंद्रात अडतं. ही तपासणी उपाशीपोटी करायची असते आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला दहा-अकरापर्यंत उपाशी ठेवणं बरं नव्हे. म्हणून अशा आईला सत्राच्या दिवशी पहिल्यांदा बोलवावं, शक्य तितक्या लवकर. आशाताईने आदल्या संध्याकाळी घरी जाऊन सांगावं: रात्री नेहमीसारखं जेव, सकाळी पाणी पी, बाकी काही खाऊ नको, डबा बरोबर आण. आल्याबरोबर बोटातून रक्त, मग तीनशे मिलिलिटर पाण्यातलं ग्लुकोज पाच-दहा मिनिटांत प्यायचं. पुढच्या दोन तासांत बाळाची लस, बाळाचं पाजणं, आईचं वजन, कमरेचा घेर आणि बीपी. दुसऱ्यांदा रक्त घेतलं की डबा उघडायचा. काही ठिकाणी यासाठी मागच्या तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी (एचबीए१सी) सुचवतात. ती सहाव्या आठवड्यात फसवते, कारण बाळंतपणात रक्त गेलेलं असतं आणि आपल्याकडच्या बायकांचं हिमोग्लोबिनही कमी असतं. पुढच्या वर्षांत ती जरूर वापरावी, या वेळी मात्र ग्लुकोजचं पाणीच हवं.

एका उपकेंद्राच्या सत्रात अशा आया किती असतील? कधी एक, कधी दोन, बऱ्याच महिन्यांत एकही नाही. ग्लुकोजची पुडी आणि दोन पट्ट्या एवढाच खर्च. यासाठी नवी योजना नको, नवं पद नको, उद्घाटन नको.

खरी अडचण दुसरी आहे, ती माहेर-सासरची. नोंदणी सासरी होते, सातव्या-आठव्या महिन्यात ती माहेरी जाते. माहेर खाडीपलीकडे असतं, कधी दुसऱ्या जिल्ह्यात. कितीतरी जणींचे नवरे विरार, दिवा, डोंबिवलीला नोकरीला, त्या बाळंत तिकडेच होतात आणि मूल चार महिन्यांचं झालं की गावी येतात. साखर एका नर्सने तपासलेली, इन्सुलिन दुसऱ्या दवाखान्यात चाललेलं, सिझेरियन तिसरीकडे, लस चौथीकडे. चौथ्या ठिकाणच्या नर्सला काहीच माहीत नसतं. माता-बाल संरक्षण कार्ड एकच असतं खरं, पण बाळंतपण झालं की त्यातलं आईचं पान कुणी उघडत नाही, थेट लसीचं पान उघडलं जातं.

म्हणून माझी विनंती अशी की शिक्का लसीच्या पानावरच मारावा. लाल शाईत, दोन ओळी: “आईला गरोदरपणात मधुमेह होता. आईची साखर आणि बीपी तपासा.” कार्ड आया जपून ठेवतात, कारण शाळेत दाखवावं लागतं. सहा, दहा आणि चौदा आठवडे, नऊ महिने, सोळा ते चोवीस महिने, मग पाच वर्षं, एवढ्या वेळा ते पान कुणा ना कुणा नर्सपुढे उघडतं. दर वेळी पट्टा गुंडाळून बीपी घ्यायला तीन मिनिटं लागतात. बेचाळिसाव्या दिवसाची तपासणी चुकली तरी पुढच्या लसीला पकडता येते. मूल पाच वर्षांचं होईपर्यंत आईचं बीपी सहा वेळा आणि साखर वर्षातून एकदा लिहिली गेली, तर वर सांगितलेल्या वाडीतल्या त्या सुनेसारखी बाई आंधळेपणाने अडतिसाव्या वर्षी पोचणार नाही.

आणि तिशीची अट. बीपी-शुगरची घरोघर तपासणी आपण तीस वर्षं पूर्ण झालेल्यांची करतो. आशाताई जो फॉर्म भरते त्यात वयाला गुण आहेत, तंबाखूला आहेत, दारूला, कमरेच्या घेराला, बसून राहण्याला, घराण्यातल्या आजाराला आहेत. गरोदरपणात साखर वाढली होती का, याला गुण नाहीत. आमच्याकडे पोरी तेवीस-चोविसाव्या वर्षी बाळंत होतात. त्यांच्यातल्या एखादीची साखर वाढली, तर तिला आपल्या यादीत यायला सहा-सात वर्षं थांबावं लागतं. धोका जास्त असलेल्या पहिल्या दहा वर्षांतली सहा-सात अशीच निघून जातात. फॉर्म बदलणं जिल्ह्याच्या हातात नसेल. पण गरोदरपणात मधुमेह झालेल्या प्रत्येक आईचं नाव, वय काहीही असो, उपकेंद्राच्या बीपी-शुगरच्या यादीत चढवा, असं परिपत्रक जिल्हा परिषद काढू शकते. वर्षातून एकदा साखर आणि बीपी उपकेंद्रात, कोलेस्टेरॉल आणि बाकी चरबी प्राथमिक आरोग्य केंद्रात.

साखर काठावर निघाली तर करण्यासारखं पुष्कळ असतं. अमेरिकेत झालेल्या एका मोठ्या प्रयोगात, गरोदरपणात मधुमेह झालेल्या आणि पुढे साखर काठावर असलेल्या स्त्रियांनी वजन थोडं कमी केलं, रोज चालल्या, तेव्हा तीनेक वर्षांत मधुमेह होण्याचं प्रमाण निम्म्यावर आलं. मेटफॉर्मिनच्या गोळीनेही जवळपास तेवढंच आलं. अंगावर पाजण्याचाही उपयोग होतो: जितके जास्त महिने पाजलं, तितकं पुढच्या दोन वर्षांत मधुमेहाचं प्रमाण कमी, असं २०१५ सालच्या एका अभ्यासात दिसलं आहे. आपण आयांना पाजायला सांगतो ते बाळासाठी. ते तुझ्यासाठीही आहे, हे एका वाक्यात सांगायला काय हरकत आहे?

आहाराचं सांगताना मात्र आपल्या किनाऱ्याकडे बघून सांगायला हवं. सफरचंद आणि ओट्सचे तक्ते इथे भिंतीवरच राहतात. सकाळी पेज, दुपारी भात, रात्री भात, हा आमचा जेवणाचा क्रम आहे. तो सोड म्हटलं तर बाई मान डोलावते आणि घरी जाऊन तेच खाते. त्यापेक्षा भात एका वाटीवर आण, ताटात कुळथाची पिठी किंवा उसळ वाढव, पालेभाजी वाढव, बांगडा-तारली खा, असं म्हटलं तर ती ऐकते. बांगडा आणि तारली गरिबाच्या घरचे मासे, आणि हृदयाला चांगले. नाचणीची भाकरी चांगलीच, पण ती कितीही खाल्ली तरी चालते असा जो समज आहे तो खोडायला हवा. पावसाळ्यात ताटात खारा बांगडा, सुकट, लोणचं, पापड एकदम येतात, त्या मिठाकडे बीपी असलेल्या बाईने बघायलाच हवं. अळिवाची खीर आणि डिंकाचे लाडू बाळंतिणीला माहेरची माया म्हणून येतात, ते बंद करा असं मी कधी सांगणार नाही. एक लाडू पुरे, एवढं तिच्या आईला समजावता येतं. सांगायचं ते बाळंतिणीबरोबर तिच्या आईला आणि सासूलाही, कारण तिचं ताट त्याच वाढतात.

सासूशी बोलायचं आणखी एक कारण आहे. “हापूस खाल्लेस, म्हणून शुगर झाली,” हे मी कितीतरी ओट्यांवर ऐकलंय. बाई खाली मान घालून बसलेली असते. वारेच्या हार्मोन्समुळे हे होतं, हिने काही पाप केलेलं नाही, हे नर्सने सगळ्यांसमोर मोठ्याने सांगितलं पाहिजे. कारण जिला दोष दिला जातो, ती पुढच्या तपासणीला येत नाही.

आणि मशेरी. आमच्या किनाऱ्यावर सकाळी मशेरी लावणाऱ्या बायका सगळ्या जातीत, सगळ्या वाड्यांत आहेत. गरोदरपणात बऱ्याच जणी ती आमच्या धाकाने लपवतात, बाळंतपणानंतर पुन्हा उघड सुरू करतात. भाजली तरी ती तंबाखूच, आणि दुखावलेल्या धमन्यांवर तिचा भार वेगळा पडतो. बेचाळिसाव्या दिवशी, बाळ मांडीवर असताना, तो विषय काढायला याहून चांगली वेळ मिळत नाही.

शेवटची विनंती प्राथमिक आरोग्य केंद्रांसाठी आणि १०८ च्या गाडीवरच्या माणसांसाठी. बाईचा हृदयविकार नेहमीच छातीवर हात दाबून येत नाही. जबडा दुखतो, पाठीत कळ येते, मळमळतं, दम लागतो, नुसताच फार थकवा येतो. आमसुलाचं पाणी, सोडा, पित्ताची गोळी यांत पहिले मोलाचे तास जातात. तिशी-चाळिशीतली बाई अशा तक्रारी घेऊन आली की तिला एक प्रश्न विचारायची सवय लावा: गरोदरपणात साखर किंवा बीपी वाढलं होतं का? हो म्हणाली तर आधी ईसीजी, मग पित्ताचं औषध. त्या गौरीच्या दिवशी तिच्या घरात कुणी हा प्रश्न विचारणारं असतं, तर तिचं हृदय किती वाचलं असतं हे मी सांगू शकत नाही. काही तास तरी वाचले असते.

नोकरीत मी स्वतःसाठी एक डायरी ठेवायची, कुणाकडे पुन्हा जायचं आहे ते आठवावं म्हणून. या पत्राआधी ती काढून बघितली. गरोदरपणात साखर वाढलेल्या नऊ जणी सापडल्या. त्यातल्या सहा जणींना गेल्या महिन्यात घरी जाऊन भेटले. बाळंतपणानंतर साखर तपासल्याचं एकीलाही आठवत नव्हतं. दोघींचं बीपी मला वाढलेलं सापडलं, त्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन गेले, एकीच्या गोळ्या सुरू झाल्या. शिक्क्याचा मजकूर, आशाताईंना समजावून सांगायचं एका पानाचं टिपण आणि सत्राच्या सकाळचं वेळापत्रक मी लिहून तयार ठेवलं आहे. आपण कुठल्याही एका उपकेंद्रात हे करून बघायचं ठरवलंत, तर पहिले सहा महिने मी स्वतः सत्राला येऊन बसेन, मानधन नको.

उरलेल्या तिघींपैकी एक लग्नानंतर विजयदुर्गाकडे असते, तिचा पत्ता मिळाला आहे. दोघी विरारला आहेत, त्या शिमग्याला पालखी नाचवायला गावी येतात. तेव्हा पट्टा आणि मशीन घेऊन त्यांच्याकडे जाणार आहे.

आपली नम्र,
खाडीकाठच्या उपकेंद्रातून निवृत्त झालेली एक आरोग्यसेविका